पाचव्या पट्ट्याचा आकडा

२० एप्रिल १९९७, रविवार, इंदापूर

ही डायरी खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिली, त्याचा बोर्ड रंगवला तेव्हा. चार महिने दुकानात ब्रश पुसायला पडली होती, त्यात चार पानं गेली. आज तिचं नशीब उघडलं, कारण माझं फिरलंय.

बोर्डावर शुद्ध लिहायची सवय आहे, म्हणून वहीतही शुद्धच लिहीन. बोलतो मात्र आमच्या कन्हेरी गावचंच.

झालं असं. केबलवाले बापूसाहेब दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पेंटर, आता भिती कोण बघतंय? समदं गाव टीव्हीकडं तोंड करून बसलंय. बुद्धपौर्णिमेला सकाळी केबलवर पंचशील ध्वज दाखवायचाय. कॉम्प्युटरवर काढलेला, उगवल्यागत हळूहळू दिसणारा. तुमची पोरगी बारामतीला कॉम्प्युटर शिकतीया न्हवं? मग तुमीच काढा. जमलं तर वरसभर केबलवरच्या समद्या जाहिराती तुमच्याकडं. न्हाय जमलं तर पुण्याचा माणूस बघतो."

मी "व्हय" म्हणून बसलो! विहाराचं काम, त्यात आपल्याच झेंड्याचं, नाही कसं म्हणणार? पण बापूसाहेब गेल्यावर काय कबूल केलं ते कळलं.

आता लिहूनच टाकतो. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. केशरी, पोपटी, तपकिरी सगळं एकाच मातीचं दिसतं. निळा कळतो, पिवळा कळतो, काळा-पांढरा कळतो. बाकी अंदाजपंचे. शाळेत पोपट काढला होता, नाकडोळा सुरेख, आणि रंगवला तपकिरी. गुरुजींनी वर्गासमोर हातावर छड्या दिल्या, म्हणाले, "थट्टा करतोस?" तेव्हापासून तोंड शिवलेलं आहे. एकतीस वर्षं पेंटर आहे मी, आणि हे एकाही माणसाला माहीत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

मग एकतीस वर्षं निभावलं कसं? फळीवर. दुकानात मागच्या भिंतीला एक लांब फळी आहे, तिच्यावर पंधरा डबे. पहिला पांढरा, दुसरा काळा, तिसरा तांबडा, चौथा पिवळा, असे ओळीनं. नवीन रंग आणला की कंपनीच्या डब्यावरचं नाव वाचायचं आणि आपल्या जागच्या डब्यात ओतायचा. माझ्या डब्यांवर नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला दिसतं त्याला डब्यावर नाव कशाला लागेल? लोकांना शंका यायला तेवढं पुरे.

फळीला कुणी हात लावला की मी अंगावर जातो. गाव म्हणतं, पेंटर तिरसट आहे. म्हणू देत, तिरसट बरा.

पण कॉम्प्युटरला फळी कुठली? आणि डबे कुठले?

२४ एप्रिल, गुरुवार

आज अक्काबाईवर चिडलो. अक्काबाई म्हणजे आमची मंडळी, सत्तावीस वर्षांचा संसार. बाई गुणाची, पण तोंडाला टाळं नाही. बाजारातून आली की पिशवी ओतून एकेका भाजीचा रंग सांगत बसते. "ही मिरची हिरवी, ही लाल. टमाटं अजून हिरवट हायती, दोन दिस ठिवू." दोरीवर कपडे टाकताना तेच. "ही तुमची तपकिरी प्यांट, ही हिरवी."

मी म्हणालो, "अगं, डोळं हायती की मला!"

पिशवी घडी करून ठेवली. मग म्हणते, "भेंडी बाकी हिरवीगार मिळाली बघा."

जित्याची खोड, दुसरं काय.

२७ एप्रिल, रविवार

अंजलीबरोबर एसटीनं बारामतीला गेलो. अंजली आमची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. तिच्या क्लासला रविवारी सुट्टी असते, पण मॅडमनी किल्ली दिली. चपला बाहेर काढायच्या, जसं काही देऊळच. आत सहा कॉम्प्युटर, त्यांच्यावर टॉवेल पांघरलेले.

मला वाटलं होतं, पडद्यावर रंगांचे ठिपके असतील आणि पोरगी म्हणेल, "आण्णा, ह्यातला केशरी दाखवा." पण तिनं ठिपके दाखवलेच नाहीत. वहीचं पान काढलं आणि विचारलं, "आण्णा, तुमच्या फळीवर डब्यांचा क्रम कसाय? सांगा."

"कशाला?"

"सांगा तरी."

सांगितला. तिनं तो तसाच मशिनमध्ये घातला. म्हणाली, ह्याला अ‍ॅरे म्हणतात. एक लांब फळी, तिच्यावर जागा, प्रत्येक जागेला नंबर, आणि प्रत्येक जागेवर एक रंग. रंगाचं नाव घ्यायचंच नाही, फक्त म्हणायचं, तीन नंबरच्या जागेवरचा रंग दे. मशीन देतं!

एकच भानगड. मशीन शून्यापासून मोजतं. म्हणजे माझा पहिला डबा शून्य नंबरचा. मी म्हणालो, "शून्य नंबरची जागा म्हंजी जागाच न्हाय." ती हसून हसून टेबलावर पडली. पण घरी येताना एसटीत मला बरं वाटत होतं. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. कॉम्प्युटरलाही फळी आहे.

४ मे, रविवार

परत बारामती. आज रंग बनवायला शिकलो.

मशिनकडं तीनच डबे आहेत: लाल, हिरवा, निळा. प्रत्येकातून शून्य ते त्रेसष्ट मापं घ्यायची. त्रेसष्ट म्हणजे काठोकाठ. तिन्ही काठोकाठ घेतले की पांढरा. लाल आणि हिरवा काठोकाठ घेतले की पिवळा! मी म्हणालो, "कायतरीच. लाल-हिरवा कालवला तर चिखल हुतो." अंजली म्हणाली, "हा उजेड आहे आण्णा, ऑइलपेंट नाही." बरं बाई.

ही तीन मापं मिळवून मशीन रंगाचा एकच मोठा आकडा करतं. लाल आहे तसा धरायचा, हिरव्याला दोनशे छप्पन्ननं गुणायचं, निळ्याला पासष्ट हजार पाचशे छत्तीसनं. मग बेरीज.

पहिलाच पट्टा निळा. मी एका बोटानं टिपून टिपून लिहिलं, बटण दाबलं आणि मशीन अडलं. मध्येच चौकट आली, ओव्हरफ्लो. अंजलीनं सांगितलं, निळ्याचा आकडा झाला एक्केचाळीस लाखांच्या वर, आणि तुम्ही फळीवर ठेवलेत इंटिजर जातीचे डबे. त्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच मावतात. निळ्याला लाँग जातीचा डबा लागतो.

हे मला कुणी समजावून द्यायला नको. अर्ध्या लिटरच्या डब्यात चार लिटर रंग ओतला तर फळी, भिंत आणि पँट सगळं निळं होणार. सगळे डबे लाँग केले. निळा आला. आणि तो निळाच होता, हे माझं मला दिसलं.

११ मे, रविवार

पाचही पट्टे झाले. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. सहावा पट्टा ह्याच पाचांचे तुकडे एकाखाली एक लावून.

अंजलीनं कागदावर पाच ओळी लिहून दिल्या. शेवटची अशी: केशरी, लाल त्रेसष्ट, हिरवा बत्तीस, निळा शून्य. तिच्यापुढं तो जमवलेला मोठा आकडाही लिहिलाय, ८२५५. म्हणाली, "आण्णा, डोळ्यांवर जाऊ नका. हा आकडा जुळला की रंग जुळला."

मी म्हणालो, "डोळ्यांवर न्हाय जायाचं तर पेंटर कशाचा?" पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि आकड्याखाली रेघ मारली. एसटीची वेळ झाली होती.

एक गंमत लिहायची राहिली. बारामतीत ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद सांगायचे, "कालवताना कमी तो पहले, जादा तो बाद में." थोडा असेल तो रंग आधी तळाला घालायचा, जास्तीचा वरून ओतायचा, म्हणजे ढवळताना सारखा होतो. एकतीस वर्षं मी तसंच करतो. मशिनला हे नियम कोण शिकवणार?

१७ मे, शनिवार

अंजली पुण्याला गेली, परीक्षा आहे तिची. गुरुवारी दुपारच्या एसटीनं येणार. प्रोग्राम फ्लॉपीत घालून दिलाय. आता माझं काम एवढंच की फ्लॉपी बापूसाहेबांच्या मशिनमध्ये घालायची आणि बटण दाबायचं.

एवढंच! देवावर विश्वास नसलेला माणूसही अशा वेळी इकडंतिकडं बघतो.

२० मे, मंगळवार

फ्लॉपी चालली नाही. बापूसाहेबांचं मशीन घर्रघर्र करायचं आणि म्हणायचं, वाचता येत नाही. फुंकर मारून झाली, शर्टाला पुसून झाली. बापूसाहेब म्हणाले, "पेंटर, आजचाच दिस हाय. उद्या सांजच्याला मला ट्रायल पायजे. न्हाय तर तसं सांगा, पुण्याला फोन लावतो."

मग काय, अंजलीचा कागद मांडीवर घेतला आणि पहिल्यापासून सगळा प्रोग्राम एका बोटानं टाइप केला. दीड तासात दोनदा लाइट गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा सगळं पुसलं गेलं. मी मशिनला आईबहिणीवरून बोललो, मग पुन्हा लिहायला बसलो. तिसऱ्या खेपेला घाईघाईनं, पण अगदी रीतीनं. रंगांच्या ओळी तर उस्तादांच्या शिस्तीत. निळा: शून्य, शून्य, त्रेसष्ट. पिवळा: त्रेसष्ट, त्रेसष्ट, शून्य. तांबडा आणि पांढराही आले. शेवटची ओळ, बत्तीस, त्रेसष्ट, शून्य. बटण दाबलं.

काळ्या पडद्यातून झेंडा वर आला. हळूहळू, पहाट झाल्यासारखा, एकेक पट्टा उजळत. पट्टे नीट मोजले, कडा सरळ होत्या. मोठे आकडे काय तपासले नाहीत, डोळ्यांना बरोबर दिसलं तेवढं पुरे झालं. बापूसाहेब फोनवर होते. त्यांनी लांबूनच अंगठा दाखवला.

घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जिंकलो! एकतीस वर्षं निभावलं, हेही निभावलं.

२१ मे, बुधवार

आज अक्षर वाकडं येतंय. तरी लिहितो.

सहा वाजता ट्रायल होती. मी आणि अक्काबाई टीव्हीपुढं बसलो. पडदा काळा झाला, मग झेंडा उगवायला लागला. अक्काबाईनं हात जोडले आणि सवयीप्रमाणं सुरू केलं.

"निळा... आता पिवळा आला... तांबडा... ह्यो पांढरा..."

आणि थांबली.

सत्तावीस वर्षांत ही बाई रंग सांगताना कधी मध्येच थांबलेली नाही. मी वाट बघितली. ती उठली, पदर खोचला, म्हणाली, "लई छान झालंय. च्या टाकते."

"पाचवा कोंचा?" मी विचारलं.

"आं? केशरीच की." आतून आवाज आला. आवाज पातळ होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. "अक्का, खरं सांग."

ती स्टोव्हला पिन मारत होती. वर न बघता म्हणाली, "पोपटी झालाय."

मी दारातच खाली बसलो. पंचशील ध्वजात पोपटी पट्टा! उद्या सकाळी सात वाजता सगळं इंदापूर बघणार, विहारात टीव्ही लावणार, आणि लोक म्हणणार, ह्या पेंटरला केशरी कळत नाही. पुन्हा तो वर्ग, पुन्हा त्या छड्या. पण मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. मी विचारलं, पाचवा कोणता. हिनं मला वेड्यात काढलं नाही. असं कसं विचारता, असंही म्हणाली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली.

"तुला म्हाईत हाय," मी म्हणालो.

"व्हय."

"कवापास्नं?"

"लग्नात सगळी पांढऱ्या कपड्यात, तवा काय कळलं न्हाय. पैल्या वरसी तुमी मोरगावच्या बाजारातनं हिरव्या बांगड्या आणल्या. हिरव्या हिरव्या म्हणून हौसेनं हातात भरल्या." तिनं स्टोव्ह बंद केला. "तपकिरी हुत्या त्या."

"मग सांगितलं का न्हाय?"

"तुमी सांगितलं न्हाय, म्हणून मी बी न्हाय. तुमास्नी लपवायचं हुतं न्हवं? लपवू दिलं. म्हटलं, आपुन रंग बोलत ऱ्हावं, ज्याला पायजे तो ऐकंल."

मिरची हिरवी, टमाटं लाल, प्यांट तपकिरी. सत्तावीस वर्षं! आणि मी तिच्यावर डाफरायचो, डोळे आहेत मला म्हणून. दर दसऱ्याला ती फळी झाडायची आणि पंधरा डबे जसेच्या तसे परत लावायची. मला वाटायचं, मला घाबरते.

मी रडलो. लाज काय लिहायची, रडलो. मग हसू आलं, कारण ती म्हणाली, "उठा आता, च्या निवतोय. तांबूस झालाय बगा मस्त."

२२ मे, गुरुवार, वैशाख पौर्णिमा

पहाटे पाचलाच बापूसाहेबांच्या दारात. अक्काबाई बरोबर. मी म्हणालो होतो, तू कशाला? ती म्हणाली, "बघायला."

मशीन लावलं. अंजलीचा कागद काढला. पाचव्या जागेवर काय आहे ते मशिनकडून छापून घेतलं, १६१६०. कागदावर होते ८२५५. दिवसासारखं स्वच्छ. मग ओळ बघितली: बत्तीस, त्रेसष्ट, शून्य. कमी तो आधी, जास्त तो नंतर! उस्तादांनी घात केला. बाकीच्या ओळींत सगळं एक तर काठोकाठ नाही तर शून्य, म्हणून त्या वाचल्या. थोडा आणि जास्त असे दोन्ही फक्त केशरीतच होते.

आकडे फिरवले. त्रेसष्ट, बत्तीस, शून्य. छापून घेतलं, ८२५५. मी अक्काबाईकडं न बघता म्हणालो, "आता केशरी हाय."

ती पडद्याजवळ वाकली. "व्हय. अगदी भंतेजींच्या चीवरासारखा."

जन्मात पहिल्यांदा मी केशरी ओळखला. आकड्यानं का होईना, पण कुणाला न विचारता. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस किती हलका होतो, ते मला आज एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

तेवढ्यात दात घासत बापूसाहेब आले. मी त्यांनाही सांगून टाकलं. म्हणालो, "बापूसाहेब, काल पट्टा चुकला हुता. मला लाल-हिरवा दिसत न्हाय. पैल्यापास्नंच. तुमास्नी चालणार नसंल तर पुण्याचा माणूस बोलवा."

बापूसाहेबांच्या तोंडात ब्रश तसाच राहिला. मग थुंकून आले आणि म्हणाले, "मग शाळेचा बोर्ड, पंचायतीची भित, ते समदं तुमी न बघता रंगवलं?"

"फळी बघून रंगवलं."

"आयला!" म्हणाले. "मला काल पट्टा कसातरी दिसला, पर मी टीव्हीला थापडा मारत बसलो. पेंटर, आमाला समदं दिसतंय तरी आमी टीव्हीला मारतो. तुमचंच काम ऱ्हाऊ द्या. फकस्त वैनी येत जाऊ द्या बरोबर."

सात वाजता विहारात टीव्हीपुढं सगळी वस्ती बसली होती. काळ्यातून झेंडा उगवला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. बायकांनी साधू साधू म्हटलं. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. अक्काबाई पुढं बसली होती, तिनं मान वळवून एकदाच माझ्याकडं बघितलं.

दुपारी अंजली आली. तिला सगळं सांगितलं तर ती ढिम्म. म्हणाली, "आण्णा, म्हणून तर मी तुम्हाला ठिपके दाखवले नाहीत. आकडे शिकवले." म्हणजे हिलाही माहीत! मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "दुसरीत असताना. मी गणवेशाची म्हणून तुम्हाला लाल रिबीन मागितली, तुम्ही हिरवी आणली. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आण्णांना सांगू नकोस, आपण बदलून आणू."

घरभर माहीत होतं. एकटा मीच लपून बसलो होतो.

२५ मे, रविवार

दोन दिवस घरात विचित्र शांतता होती. आज कळलं कशाची ते. अक्काबाई बाजारातून आली, पिशवी ओतली आणि काही बोललीच नाही. मिरच्या पडल्या, टोमॅटो पडले, आंबे पडले. रंग नाही.

मी म्हणालो, "आंबं कसं हायती?"

"बगा की. तुमास्नी डोळं हायती न्हवं?"

घ्या! सत्तावीस वर्षांचा हिशेब बाईनं एका वाक्यात चुकता केला. अंजली तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मी हात जोडले. तेव्हा म्हणाली, "पिवळं हायती, देठापाशी हिरवट. उद्या खाऊ."

संध्याकाळी दोघं दुकानात गेलो. फळीवरचे पंधराही डबे खाली उतरवले, पुसले. गावभर पाट्या रंगवल्या, पण माझ्या डब्यांवर आजवर एक अक्षर नव्हतं. आज लिहायला बसलो. पांढरा, काळा, तांबडा, चांगली जाड, गोलाईची अक्षरं. जशी बँकेच्या बोर्डावर काढतो तशी. अक्काबाई डबा उघडून आत बघायची आणि नाव सांगायची, मी लिहायचो. डबे सुकायला पायरीवर मांडले, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे.

'केशरी' लिहायची वेळ आली तेव्हा ब्रश हातात धरून मी तिला विचारलं, "कोंच्या रंगात लिवू गं?"

"कोंच्या बी लिवा," ती म्हणाली. "वाचायला येतंय न्हवं?"